कानामागच्या गाठी आणि कानपिळी

ऐका हो ऐका! लहानथोर समद्यांना कळवण्यात येतं की पुसेगावच्या ज्या इसमाचं बोडकं डोकं गावानं वर्षानुवर्षं पाहिलं न्हाई, तो इसम आज पटका उतरवून राहिला! हसू नका, गोष्ट लिहायला आलात ना, लिहून घ्या. हे बघा, उजव्या कानामागं लिंबाएवढी एक गाठ अन् तिच्या बुडाशी दोन बारक्या. लावा हात, चिकटत न्हाई. निजाम गेला, ह्या काही गेल्या न्हाईत.

जन्म माझा कुणब्याच्या घरचा. मिसरूड अन् गाठी संगंच फुटल्या. दुखत न्हवत्या, पण खाजायच्या, काय सांगू तुमाला, चार माणसांत खाजवता येत न्हाई अन् खाजवल्याबिगर बसवत न्हाई. कोणी गंडमाळ म्हणे, कोणी हळूच महारोग म्हणे अन् सरकून बसे. लेप झाले, डागण्या झाल्या. हिंगोलीचा डॉक्टर चाचपून म्हणला, ये गंडमाळ नहीं, महारोग भी नहीं, क्या है हमकू बी मालूम नहीं, मगर मरेगा नहीं. आई खूश झाली. मला वाटलं, मेलो असतो तर लाज तरी सुटली असती.

मग मामानं कुरुंद्याची पोरगी ठरवली. म्हणला, गाठीचं बोलायचं न्हाई, पटका सोडायचा न्हाई. सुपारी फुटल्यावर शेतातली हळद शिजवायच्या दिवसांत त्याच गावात गाडी घेऊन गेलो, विहिरीवर कोणी न्हाई बघून पटका सोडला अन् खसाखसा खाजवून राहिलो, तर मागं घागर घेऊन एक पोरगी उभी! मी बैलाआड लपलो. ती कोण, ते मान वर करून पाहिलंच न्हाई.

लग्नात हळद लावताना मामा म्हणला, नवरदेवाला सर्दी हाये, डोकं झाकलेलंच राहू द्या. अक्षता पडल्या, मी म्हणलो सुटलो. अन् कानपिळीचं आमच्या कोणाच्या ध्यानातच न्हाई! बहिणीला नीट वागव म्हणून नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो ना, ती. मेव्हणा पैलवान गडी, बाह्या सारत आला, म्हणला, दाजी, पटका वर करा, उजवा कान द्या. मामा म्हणला, पावनं, शेला घ्या, कान राहू द्या. बाया हसल्या, काहून हो, कान चिनीमातीचा हाये का? त्यानं पटक्यात बोटं घातली. मी डोळे मिटले. आता मांडव उठणार, आई मान खाली घालून परत जाणार.

तवा तोवर शब्द न बोललेली नवरी समद्या मांडवादेखत ओरडली, दादा, तो कान सोड, विहिरीवर पाहिलाय मी, खाजून लाल होतो त्यांचा! डावा पिळ, अन् जोरानं पिळ, लपवलं म्हणून!