भाव चढवतं कोण?

हॅलो?… हॅलो, कोण?… अगं चिमे, तू होय! थांब, दार लोटून घेते, बाहेर ट्रक जातोय.

हं, बोल… हो, मीच उचलला. अप्पांच्या खुर्चीत बसलेय… तीच गं, फिरती. अजून तशीच कुरकुरते. आपण दोघी एकदम बसून गरगर फिरायचो तेव्हा नाही मोडली, आता काय मोडणार!

मेसेज मिळाला ना?… हो, आजच. संध्याकाळी आपला पेट्रोलपंप कायमचा बंद. उद्या कंपनीची माणसं येऊन जमिनीतल्या टाक्या काढणार… का म्हणजे? टेकडीपलीकडून नवा रस्ता झाला ना, सगळ्या गाड्या तिकडून जातात. आज सकाळपासून इथे एक दुधाची गाडी आली आणि एकजण आला तो पत्ता विचारायला.

अप्पा? ठीक आहेत. म्हणजे बोलत नाहीयेत, म्हणजे ठीकच. मशीन पुसत बसलेत. उद्या जे उचलून न्यायचंय ते आज घासूनपुसून चकाचक करतायत. मी म्हटलं, अहो अप्पा, कशाला? तर म्हणे, जाताना तोंड धुऊन जावं.

…हसतेस काय! मला रडू आलं होतं.

ऐक ना चिमे. मेसेजमध्ये एक लिहिलं नाही. काकांना घेऊन ये… हो, तुझ्याच बाबांना, आजच. आत्ता निघालात तर संध्याकाळपर्यंत सहज पोचाल… अगं ऐक तर! माहितीये मला किती वर्षं झाली ते. माझी मुलगी तेव्हा रांगत होती, आता गाडी चालवते. म्हणून काय झालं?

…अप्पा कशाला म्हणतील! आणि ते तोंडाने? पण परवा उठल्या उठल्या मला विचारलं, 'धाकट्याला कळवलंस का?' मी म्हटलं, काय कळवू? तर, 'काही नाही.' आणि चहा गार होईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले… हो ना.

काय?… तुला अजून नीटसं माहीतच नाही? भांडण कशावरून झालं ते?… बरोबर, तू शिकायला बाहेर होतीस. आणि काका कसले सांगतात!

तुला भाव बदलायची संध्याकाळ आठवते ना?… हो, याच फोनवर कंपनीचा निरोप यायचा. की निघाले दोघं भाऊ शिडी घेऊन भावाच्या फलकाकडे. अप्पा वर, काका खाली. काकांचा एक हात शिडीला, दुसऱ्या हातात ते पत्र्याचे आकडे… आणि आपण ऑइलच्या डब्यांवर बसून चढेल की उतरेल अशा पैजा लावायचो. हरेल तिने पुढच्या गाडीची काच पुसायची… तूच हरायचीस! काय खोटं बोलतेस! तुझ्या हातातलं फडकं सुटत नव्हतं.

…हो, हो! नऊचा आकडाच नव्हता! काकांचा रंगवायचा राहिला तो राहिलाच. सहा उलटा टांगायचा. आणि वारा सुटला की तो गर्रकन फिरून परत सहा व्हायचा! गिऱ्हाईक हमरीतुमरीवर… 'फलकावर स्वस्त झालंय, मग द्या की!'… अगं बाई, नको हसवूस, खोकला येतो मला.

पण त्या दोघांची तोंडं चालू असायची ना, ती खरी गंमत. काका खालून म्हणायचे, 'दादा, पेट्रोलचा भाव खुर्चीत बसून ठरतो. पुढाऱ्याच्या मनात आलं की खाली, मनात आलं की वर.' अप्पा वरून… 'भाव जहाजातून येतो. पुढाऱ्याला काही ठाऊक नसतं, त्यालाही माझ्यासारखंच संध्याकाळी कळतं.'… रोज! रोज तेच! समोरचा न्हावी अर्धी दाढी तशीच सोडून ऐकायला यायचा. भांडण म्हणून नाही गं, त्यांचं ते प्रेमच होतं. मला तर वाटायचं सगळ्यांच्याच घरात भाऊ असेच बोलतात.

मग ती निवडणूक आली. काका त्या साहेबांच्या मागे होते… हो, तेच, जाड चष्मेवाले. त्या महिन्यात भाव थोडासा उतरला, तर काकांनी आपल्या पंपावर हा एवढा मोठा फ्लेक्स लावला. साहेब हात जोडून उभे आणि खाली लिहिलेलं, 'भाव उतरवला, शब्द पाळला.' अप्पा म्हणाले, भाऊ आहे, लावू दे. निवडणूक झाली, साहेब निवडून आले, आणि भाव लागला की चढायला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. गिऱ्हाइकं शिव्या कोणाला देणार? अप्पांना! तर अप्पांनी काय करावं… रंगाचा डबा घेतला आणि त्याच फ्लेक्सवर खाली लिहिलं, 'आणि चढवला कोणी?'

…हं! हसू येतं ना? सगळ्यांनाच आलं. पण नेमके दुसऱ्या दिवशी साहेबच गाडी घेऊन हजर. त्यांनी वाचलं, ते हसले, काच वर केली आणि गेले. सगळा रस्ता काकांकडे बघून हसला. त्याच संध्याकाळी पुन्हा भाव बदलला. अप्पा वर शिडीवर, आणि काकांनी शिडी सोडली. आकडे खाली ठेवले आणि चालते झाले.

…नाही, पडले नाहीत. न्हावी धावला. पण अप्पा किती तरी वेळ वरच होते. रस्त्याकडे बघत. खाली या म्हटलं तरी येईनात.

…हो. बस, एवढंच. एवढ्यावरून दोन घरं तुटली. भाव उतरला तर पुढारी म्हणतो मी उतरवला, चढला तर म्हणतो जगाने चढवला, त्याचं काय गेलं? आपलं गेलं.

आणि तुला गंमत सांगू? आता अप्पा कोणाची बाजू घेतात? काकांची! शपथ! मागे एक गिऱ्हाईक म्हणालं, बाहेरच्या देशात तेल महागलं, सरकार तरी काय करणार. अप्पा त्याच्या अंगावर धावून गेले. 'काय करणार म्हणजे? कर कोण लावतो? निवडणूक आली की भाव कसा श्वास रोखून बसतो? माझा भाऊ सांगायचा ते काय खोटं?' गिऱ्हाईक बिचारं सुटे पैसे न घेता पळालं.

…काय?… काय म्हणालीस?… काका?… काका असं म्हणतात?… 'पुढाऱ्याच्या हातात काही नसतं'?… 'आमचा दादा सांगायचा, भाव जहाजातून येतो'?… जावयाशी भांडतात त्यावरून?… चिमे! अगं चिमे, म्हणजे इतकी वर्षं हे इथे काकांसारखं बोलतायत आणि ते तिथे अप्पांसारखं! वेडे आहेत का गं हे दोघं!

…नाही, रडत नाहीये. हो, रडतेय. रडू दे. ज्याची आठवण येते, माणूस त्याचंच बोलणं बोलायला लागतो बहुतेक. दुसरं काही जवळ नव्हतंच ना त्यांच्या.

म्हणून म्हणते, घेऊन ये. भांडतील. भांडू देत. उद्या इथे नुसता खड्डा असेल, मग कशापाशी उभे राहून भांडणार?… त्यांना म्हण की… काय? शेजारीच उभे आहेत? मघापासून?… फोन स्पीकरवर आहे?… गाढवे, आधी नाही सांगायचं!

काका… हो काका, मीच… नाही, वेडे असं नव्हतं म्हणायचं मला… बरं, होतं. बरे आहात ना? आवाज बसलाय तुमचा… अप्पा? समोरच आहेत. काचेतून दिसतायत. जुन्या फलकावरचे ते पत्र्याचे आकडे काढतो म्हणाले, शेवटचे… अरे देवा. अप्पा! अप्पा, चढू नका! गुडघा बघा जरा स्वतःचा!

…हो काका, चढलेच… कोणी धरलीय? कोणीच नाही. पंपावरच्या मुलांना जवळ येऊ देत नाहीत. थांबा, खिडकी उघडते. अप्पा! काकांचा फोन आहे! काकांचा!… नाही हो, आपल्या काकांचा! विचारतायत शिडी कोणी धरलीय!

…काका, ते म्हणतात, 'त्याला काय करायचंय?'

…अप्पा! काका म्हणतात, आधी खाली उतरा, मग सांगतो!

…काका, अप्पा म्हणतात, 'मागच्या वेळी तू न सांगताच गेलास.'

काका?… काका, ऐकताय ना?… हॅलो?… काका, बोला ना काहीतरी. ते वर तसेच उभे आहेत हो. फोनकडे बघतायत, माझ्याकडे नाही… हॅलो?

चिमे? काका कुठे गेले?… काय? चप्पल?… कोणत्या पायात कोणती, घालतायत तरी ना?… गाडीत? गाडीत जाऊन बसले?… हॉर्न! मला ऐकू येतोय हॉर्न! जा, पळ, पळ तू! हो, फोन हातातच ठेव.

अप्पा, उतरा आता. हळू… हळू… हं, दोन्ही पाय टेकवा. टेकले.

हं, चिमे… काय झालं? काका काय म्हणतायत?… टाकीत थोडंच पेट्रोल उरलंय? मग भरा की वाटेत… नको म्हणतात? वाटेत भरायचं नाही?… पोचेल का इथवर?… 'पोचलीच पाहिजे'… बरं बाई. मग सावकाश चालव आणि चढावर जीव काढू नकोस तिचा.

थांब, अप्पा आत आलेत… काही नाही अप्पा. एवढ्यात बंद करू नका. पेट्रोल भरायला एक गाडी यायचीय… कोणाची काय? तुम्हाला माहितीये कोणाची.

…चिमे, अगं, अप्पा विचारतायत, टाकी फुल करायची का… काका काय म्हणाले?… फुल! अप्पा, फुल करा म्हणतात!

…अप्पा ना? बाहेर गेले. मशीनचं कुलूप काढतायत.

जा आता, नीघ. ठेवते. ठेवते गं, ठेवते.