चढता उजेड

“ही बस म्हणजे तुझी दुर्बीणच. सगळं आटोपल्यावर उगवणार.”

थांब्यावर माझ्या मागे एक प्राध्यापक उभे होते, त्यांची विद्यार्थिनी आणि दुर्बीण चालवणारे एक काका.

“सर, आकाशात गॅमा किरणांचा स्फोट झाल्याची सूचना आली तेव्हा दुर्बीण तयार होती.”

“मग स्फोटानंतरचा उजेड चढताना का नाही टिपला? पहिली दोन-तीन मिनिटं तो चढतो, मग नुसता विझत जातो. शिखर कधी गाठलं ते कळलं, तरच स्फोटातून उडालेल्या झोताचा वेग निघतो.”

“माहीत आहे, सर. माझा प्रबंधच त्यावर आहे.”

“होता म्हण. आता काय लिहिणार? वेग प्रकाशाच्या जवळपास, नक्की किती ते देव जाणे?”

“निदान इतक्यापेक्षा कमी नव्हता, एवढं तरी सांगता येईल.”

“वा. चोर सापडला नाही, पण पळाला बरं का जोरात. छाप हे.”

“काका, तुम्ही तरी बोला ना.”

“मी कशाला बोलू, बाई? निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत.”

“बोलू दे की. पेंग आली होती, दुसरं काय असणार?”

“पेंग नव्हती, साहेब. तुमच्या फोनवरून होकार आल्याशिवाय दुर्बीण वळायची नाही, हे गेल्या महिन्यात तुम्हीच बसवून घेतलंत. अकरा मिनिटं ती तुमच्या होकारासाठी थांबली होती. तुम्ही सत्काराचं भाषण करत होतात.”