चार्ज संपला होता

सिस्टर : चार्जला चार्जच लिहा ना, सर. शब्द मुळात इंग्रजी, मग त्याचं आणखी इंग्रजी कसलं करायचं?

भाषांतरकार : तिथंच तर घोडं अडलंय. आधी बसा. तुमच्या येरझाऱ्यांनी मलाच धाप लागतेय.

सिस्टर : बसवत नाही. अकराला चौकशी समितीपुढे उभं राहायचंय.

भाषांतरकार : तुमच्या जबाबातलं वाक्य ऐका. ‘दोन वाजता चार्ज संपला होता, म्हणून मी वॉर्डबाहेर गेले.’ कशाचा चार्ज?

सिस्टर : असे किती असतात?

भाषांतरकार : बॅटरीचा असतो, वॉर्डचा असतो. पोलीस ठेवतात तो आरोप, दुकानदार लावतो तो आकार. बैल शिंगं रोखून अंगावर येतो, तोही चार्जच.

सिस्टर : मेट्रनबाई येतात तसा.

भाषांतरकार : दोनला तुमची पाळी संपते. समिती वाचणार, बाईंची जबाबदारी संपली, बाई निघाल्या. मागे नऊ नंबरच्या पेशंटचं औषधाचं यंत्र बंद पडलं, ते पुढच्या पाळीच्या माथी.

सिस्टर : म्हणजे धाकट्या सिस्टरच्या. नवी आहे, तिसराच दिवस होता पोरीचा. आणि मी सुटते?

भाषांतरकार : या एका शब्दावर. वाक्य तुमचंच आहे, मी काही पदरचं घालत नाही.

सिस्टर : बावीस वर्षं झाली मला नोकरीला. एक ठपका नाही.

भाषांतरकार : म्हणून तर विचारतोय.

सिस्टर : नऊ नंबरचे आजोबा अजून शुद्धीवर नाहीत... या शब्दाचा मूळ अर्थ काय हो?

भाषांतरकार : लॅटिनमध्ये गाडीला एक शब्द होता, त्यावरून आला. गाडीवर माल लादणं. पुढे बॅटरीत वीज भरली, माणसावर काम टाकलं, आरोप ठेवला. मुळाशी ओझंच.

सिस्टर : धाकटी आली होती, पण वॉर्ड तिच्या हाती दिला नव्हता मी. वहीत सह्याच झाल्या नव्हत्या. यंत्राची बॅटरी उतरत आली, म्हणून दुसरं यंत्र आणायला खाली धावले. जाता जाता तिला म्हटलं, ‘बघ गं जरा.’ काय बघायचं, ते सांगितलं नाही.

भाषांतरकार : हे असं लिहिलं, तर सगळं तुमच्यावर येईल, बाई.

सिस्टर : लिहा. यंत्राचा चार्ज संपला होता. वॉर्डचा माझ्याकडेच होता.

भाषांतरकार : लिहितो.

सिस्टर : ती खुर्ची जरा इकडे सरकवता का?