गाडी जाऊ द्या

नमस्कार मंडळी. मला माइकवर बोलायची सवय नाही. कंपनीत बोलतो, पण तिथं मशिनीच्या वर आवाज काढावा लागतो, आणि आज आवाजच निघत नाहीये. जरा सांभाळून घ्या.

आधी मी कोण ते सांगतो, कारण मागं कुजबुज चाललीय. मी दत्ता. चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत ऑपरेटर आहे. ज्यांच्या शोकसभेला आपण जमलोय, त्या वैजयंतीताई माझ्या वकील नव्हत्या. माझ्या बायकोच्या, कविताच्या वकील होत्या. हो, जिच्याशी माझा घटस्फोट चाललाय, तिच्याच. म्हणजे मी समोरची पार्टी. आणि तरी ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी लाइनवर उभ्या उभ्या रडलो, राव. सुपरवायझरनं विचारलं, घरातलं कोणी गेलं का? मी म्हणालो, हो.

ताईंचं ऑफिस तुम्हाला माहीतच आहे. इथंच, दापोडीत, रुळाला चिकटून. पहिल्या दिवशी मी तावातावानं गेलो. टेबलाच्या एका बाजूला मी आणि माझे वकील जाधवसाहेब, दुसऱ्या बाजूला कविता आणि ताई. ताई म्हणाल्या, "दत्ताभाऊ, सगळं आपण चौघांनी इथं बसून ठरवायचं. कोर्टात जायचं ते फक्त दोघांचा मिळून एक अर्ज घेऊन. पण तुमच्यातलं कोणी भांडायला कोर्टात गेलं, तर मी आणि जाधव, दोघंही बाजूला होणार. तसं आम्ही लिहून दिलंय."

मी म्हणालो, "असले कसले वकील? भांडण लागलं की पळणारे?"

त्या हसल्या. "भांडण वाढलं तर आमचं कामच जातं. म्हणून तर मिटेपर्यंत तुम्हाला सोडणार नाही."

आणि सोडलं नाही! माझं तोंड तर तुम्हाला माहीत नाही, जाधवसाहेबांना विचारा. पहिल्याच बैठकीत मी कविताच्या आईवर घसरलो. तेवढ्यात लोकल आली. खिडक्या थडथडायला लागल्या. ताईंनी हात वर केला, "गाडी जाऊ द्या." गाडी गेली. ताई म्हणाल्या, "हं, बोला. काय म्हणत होता?" आईशप्पथ सांगतो, तेच वाक्य पुन्हा बोलायला जीभ रेटेना.

पुढं पुढं गाडी नसली तरी त्या हात वर करायच्या. एकदा तर कवितानंच माझ्यासमोर हात वर केला. मी गप्प बसलो. अख्ख्या संसारात तिचं एवढं ऐकलं नव्हतं.

आमचा खरा तिढा स्वराचा. आमची पोरगी, दुसरीत आहे. मी हटून बसलो होतो, मला दर रविवार पाहिजे म्हणजे पाहिजे. ओळखीतल्या एकाला कोर्टानं रविवार दिला होता, मग मला का नको? ताईंनी शांतपणे विचारलं, "तुमची सुट्टी कधी असते?"

"गुरुवारी."

"मग रविवारी पोरगी तुमच्या खोलीवर कुलपाशी खेळणार का?"

घ्या! आमच्या कंपनीची सुट्टी गुरुवारची, हे मला कोणी सांगायला पाहिजे? पण भांडायच्या नादात मीच विसरलो. मग ताईंनी माझ्या शिफ्टप्रमाणे बसवलं. फर्स्ट शिफ्टच्या, म्हणजे सकाळपाळीच्या आठवड्यात स्वरा संध्याकाळी माझ्याकडं. आणि गुरुवारी शाळेतून तिला मीच आणायचं. सगळं ठरलं. फक्त सह्या राहिल्या होत्या. आणि ताई गेल्या.

परवा माझे मामा म्हणाले, "बाई गेली, आता तू सुटलास. ठोक केस. पोरगी आख्खी घे." मामा, तुम्ही इथं बसलाय. मोठे आहात, तुमच्या पाया पडतो. पण नाही. पोरगी काय प्लॉट आहे, आख्खी घ्यायला? केस करणार नाही. आज नाही, उद्या नाही.

कविता, तू तिसऱ्या रांगेत आहेस. आल्यापासून माझ्याकडं बघितलं नाहीस. तुला वाटत असेल, आता हा उलटणार. त्या टेबलाशी तुझ्या शेजारची खुर्ची रिकामी झालीय, पण त्याचा फायदा मी घेणार नाही. तू सवडीनं दुसरे वकील बघ, आम्ही थांबतो. जे ठरलं ते ठरलं. गुरुवारी शाळेच्या फाटकाशी मी असणार, आणि ठरल्या वेळेला स्वरा तुझ्या दारात असणार. हे मी मुद्दाम चारचौघांत बोलतोय. उद्या माझी मती फिरली, तर तुमच्यातल्या कोणीही माझी कॉलर धरा.

लोक म्हणतात, या बाईनं काय केलं? संसार मोडायला मदत केली. अहो, संसार आम्हीच मोडला होता. त्याच्याखाली पोरगी सापडू नये म्हणून ताई टेबलाशी बसून राहिल्या. असं कोण बसतं हो, दुसऱ्याच्या भांडणात?

आता उभे राहू या. दोन मिनिटं म्हणून घड्याळ बघत बसू नका. रूळ शेजारीच आहेत, गाडी येतच असेल. ती जाईपर्यंत कोणी बोलायचं नाही.

आली बघा. ताई, जाऊ देतो गाडी.