पाणकणसाची तोड

माझं नाव गयाबाई. गाव शिरूर कासार तालुक्यातलं, पन जल्म मातर गावातला न्हाई, जल्म उसाच्या फडातला, तिकडं लांब कारखान्यावर. आई सांगायची, सकाळी ती मोळ्या बांधत व्हती, दुपारी मी झाले, आन दिवस कलायच्या आत ती परत मोळ्या बांधत व्हती आन मी सरीत पडून मुकादमाला शिव्या देत व्हते. शिव्यांचं मी मपल्या मनानं घातलं, बाकीचं आईचं हाय.

काय सांगू तुमाला ताई, आमच्यात मानूस मोजत न्हाईत, कोयता मोजतात. नवरा-बायको मिळून येक कोयता. लग्न झालं म्हंजे काय झालं, तर कोयता पुरा झाला. माझा कोयता पाटोद्याकडच्या मानसासंगं पुरा झाला. मानूस चांगला हाय, बोलत न्हाई, माझ्यासंगं राहून बोलायला जागा तरी कुठं मिळती त्याला. दसरा झाला की ट्रक यायचा, ट्रकात संसार भरायचा, त्यावर सासू बसवायची, सासूवर पारू बसवायची, पारू म्हंजे माझी लेक, आन चाललो. ते पार ऊन तापल्यावर परत. मंग गावाकडं प्यायला पानी राहीना म्हनून आमी बीडला आलो, बिंदुसरेच्या काठाला, नाला नदीला मिळतो तिथं पत्रे ठोकून घर केलं. घर केलं म्हंजे ट्रक येईपर्यंतचं. बाकी कुलूपच राहायचं त्या घरात.

आता नाल्याचं इचारता तुमी. लई वास, ताई. वरून कावळा चालला की त्याला चक्कर यायची, आमच्या पत्र्यावर बसून घडीभर दम खायचा आन मंग पुढं जायचा. नांदूरघाटचे पाव्हने आले, चहा ठेवला, चहा उतू जायच्या आत पाव्हने मोंढ्यापर्यंत गेलते. आन डास येवढाले की आमच्या शेजारनीचं कोंबडीचं पिल्लू उचलून नेलतं. खोटं वाटत आसंल तर तिला इचारा म्हनले आसते, पन ती बिचारी मेली. पिल्लूबी कुठं घावलं न्हाई.

हसू नका. लेकरांच्या अंगाला फोड यायचे, ते खोटं न्हाई. घरात हंडा भरलेला आसला तरी त्याला नाल्याचा वास लागायचा, तेबी खोटं न्हाई. माझी सासू, कौसाबाई नाव तिचं, ती म्हनायची, मी नवी नवरी हुते तवा बीडला पाव्हनी आलते, ह्याच नदीत धुनं धुतलेलं हाय, तळाची वाळू दिसायची. आमाला वाटायचं म्हातारीबी माझ्यासारखीच फेकती.

मंग येक दिवस म्याडम आली. वनिता म्याडम, इंजिनेर, पन पायात बूट घालून चिखलात उतरनारी. ती म्हनली, नाल्याचं पानी नदीत सरळ सोडायचं न्हाई, आधी येका खड्ड्यात थांबवायचं, गाळ खाली बसू द्यायचा, मंग दगडगोट्यांच्या वाफ्यातनं काढायचं, त्या वाफ्यात पानकनीस लावायचं, कर्दळ लावायची, वाळा लावायचा, आन मंग नदीत सोडायचं. ना मशीन ना करंट. आमी सगळ्या बाया पदर तोंडाला लावून हसलो. मी म्हनले, म्याडम, गवतानं घान धुवायची आसती तर म्हशीचं पोट गंगेसारखं नसतं का झालं? तीबी हसली. म्हनली, गयाबाई, गवत घान खात न्हाई, त्याच्या मुळांना बारीक बारीक जीव बिलगून राहतात, डोळ्यांना दिसत न्हाईत, ते खातात. झाड फकस्त त्यांना जागा देतं आन मुळातनं हवा पोचवतं. मी म्हनले, आस्सं, म्हंजे आमच्यासारखीच टोळी हाय म्हना की, झाड मुकादम आन काम करनारे दिसतच न्हाईत. ती म्हनली, तसंच म्हना.

ते काम आमच्या आळीतल्या बायांना मिळालं. खड्डा आमीच खांदला, दगड आमीच टाकले, रोपं आमीच लावली. पानकनीस बघितलं का तुमी? मानसापेक्षा उंच जातं, वर बाजरीच्या कनसावानी तपकिरी कनीस. आन ते वाढलं म्हंजे कसं वाढलं, मी रातच्याला कान लावून आयकलंय, कुरकुर आवाज करत वाढतं. वर्षात बेट झालं नुस्तं. चिमन्या आल्या, बगळे आले, येक दिवस बेडूक वरडला तर सासू रडली, म्हनली लई सालांनी आयकला. वास गेला म्हनत न्हाई मी, पन कावळा आता न थांबता जायचा.

आन म्याडमनी मला सांगितलं, गयाबाई, ह्या वाफ्याला बारा महिने राखनदार लागतो, कचरा काढायला, गाळ काढायला, पानी वळवायला. तुमी राहता का? ताई, बारा महिने म्हंजे काय ते तुमाला कळनार न्हाई. बारा महिने म्हंजे ट्रकात चढायचं न्हाई.

आता ऐका कशी गंमत झाली. गौरी गेल्या आन म्याडम मपल्या गावाला गेली, तिची आई आजारी व्हती. जाताना म्हनली, पानकनीस लई दाट झालंय, जुनी पानं पान्यात पडून कुजली तर घानीत घान, तेवढं कापून घ्या. कसं कापायचं ते तिनं सांगितलं न्हाई आन आमी इचारलं न्हाई. कावून इचारावं? जल्म गेला तोडन्यात. उसाची टोळी ती, तिला तोडायचं शिकवायचं म्हंजे माशाला पवायचं शिकवल्यावानी.

सगळी आळी उतरली बगा. पावसानं पानी चढलेलं, गुडघ्यायेवढं. आन आमच्यात तोड म्हंजे बुडातनं तोड. उसाची साखर बुडात आसती, बोटभर खुंट वर ठेवला की फडात मुकादम आईबाप काढतो. हात आपसूक खाली जातो. आमी पान्यात वाकून, गाल पान्याला लावून, पार मातीसरशी तोडलं. अर्ध्या दिवसात बेट साफ. मुंडन केलेल्या डोक्यावानी पान्याचं तळं चकचकीत झालं. मी कमरंवर हात ठेवून म्हनले, येऊ द्या म्याडमला, बघू द्या तोड कशी आसती.

येकली सासू कोपऱ्यात उभ्यानं तोडत व्हती. जल्मभर डोक्यावर मोळ्या वाहून तिची कंबर गेलेली, वाकता येत न्हाई. गुडघ्याच्या वर येवढाले खुंट ठेवले तिनं. आळीतल्या बाया म्हनल्या, कौसामामी, ही तोड हाय का दाढी? माझा नवरा, जो कधी बोलत न्हाई, त्योबी बोलला, आये, राहू दे, फड नासवू नको. सासू म्हनली, नासू दे मेल्या, तुला काढताना कंबर गेली माझी.

मंग आमी वाट बघत बसलो फुटव्याची. ऊस कसा, तोडला की खोडव्याला फुटतो. हे फुटंना. आज फुटंल, उद्या फुटंल. पानी आधी हिरवं झालं, मंग काळं झालं, आन मंग, काय सांगू, त्यो जुना वास परत दारात येऊन उभा राहिला. बेडूक गप झाला.

म्याडम आली. उतरली, हात घातला, येक गड्डा उपटला. नुस्ता लगदा. ती वरडली न्हाई, वरडली आसती तर बरं वाटलं आसतं. म्हनली, गयाबाई, ह्याचं मूळ चिखलात आसतं, चिखलात हवा नसती, त्याचा खुंट पान्याच्या वर राहिला तर त्यातनं त्यो श्वास घेतो. तुमी त्याचं नाक पान्याखाली तोडलं. बुडून मेलं ते. मी गाडीत बसायच्या आधी कसं कापायचं ते सांगायला पायजे व्हतं, न्हाई सांगितलं. ताई, मी पहिल्यांदा जल्मात गप झाले. आळी सांगंल तुमाला.

मंग तिचे वरचे साहेब आले, नाकाला रुमाल. म्हनले, आमी म्हनत हुतोच, गवताचा खेळ हाय, नाला शिमेंटनं बांधून झाकून टाकू. राखनदार कशाला लागतो मंग. म्याडम म्हनली, साहेब, दिवाळीपर्यंत थांबा. साहेब म्हनले, दिवाळीपर्यंत, पुढं येक दिवस न्हाई.

आता दिवाळीच्या आधी काय येतो? दसरा येतो. आन दसऱ्याबरोबर कोन येतो ते तुमाला सांगितलंय.

त्या दिसांत सासूच्या कोपऱ्याकडं कुनी बघत न्हवतं. पारूनंच दावलं, आय, आजीच्या दाढीला पालवी आली. खरंच. त्या येड्यावाकड्या खुंटातनं हिरवी पाती निघाली व्हती, तलवारीसारखी. मी आन म्याडम, दोघी चिखलात. त्या कोपऱ्यातले गड्डे उकरायचे, तुकडे करायचे, मेलेला लगदा काढायचा, तुकडा लावायचा, पान्याची वाट आडवून पानी कमी ठेवायचं म्हंजे नाक वर राहील. आळीतल्या बाया आल्या, कुनी आल्या न्हाईत, म्हनल्या आमाला बिस्तरे बांधायचेत. सासू काठावर बसून सांगायची, तिथं लाव, तिथं न्हाई गं गाढवे, तिथं.

ट्रक आला. मुकादम म्हनला, गयाबाई, चढ. मी म्हनले, मी न्हाई. तो म्हनला, अर्धा कोयता घेऊन मी काय करू? नवरा माझ्याकडं बघतोय. त्याचा थोरला भाऊ, त्याची बायको मागंच वारली, त्योबी अर्धाच. दोघं अर्धे मिळून येक कोयता झाला. नवरा ट्रकात चढताना म्हनला, येवढं गवत लावलंय, जगंल का ते? मी म्हनले, जगंल. ताई, मला काय ठाऊक व्हतं? काडीचं ठाऊक न्हवतं. लावलेले तुकडे चिखलात उभे व्हते, मेल्यावानी. म्या आयुष्यात लई फेकाफेकी केली, पन येवढी मोठी थाप कुनाला मारली न्हाई. आन त्यानं ती खरी मानली, गेला.

फुटलं. सगळं न्हाई, निम्मं फुटलं. दिवाळीला साहेब आले, रुमाल नाकाला लावला, काढला, परत लावला, मंग खिशात ठेवला. म्हनले, बघू उन्हाळ्यापर्यंत. ते आजून बघायलेत, मी आजून राखायले. नदी काय येवढ्यानं उजळत न्हाई. वरच्या अंगाला दुसरे नाले हायतच, पिशव्या वाहत येत्यात, येकदा अख्खी गादी आलती, तिच्यावर कुत्रं झोपलेलं. म्याडम म्हनती असे लई वाफे लागतील, आमच्या पारूच्या लेकरांपर्यंत लागतील. लागू द्या. वाळू दिसंल तवा दिसंल.

पन येक सांगते. मार्गशीर्षात मी सकाळी चहा घेऊन बसले तर घरात ऊन आलं. पत्र्याच्या फटीतनं आलं, चुलीपाशी पडलं, मंग सरकत सरकत सासूच्या वाकळंवर गेलं. मी बघतच राहिले. येवढी वर्षं घर हाय माझं, पन थंडीत त्यात ऊन कुठनं येतं ते मला म्हाईतच न्हवतं, कदी नसायचोच ना आमी. दुपारी नवऱ्याचा फडातनं फोन आला, जेवलीस का, म्हनला. मी म्हनले, ऐका, आपल्या घरात ऊन चुलीपाशी पडतं. मंग म्हनला, आन मंग कुठं जातं? मी म्हनले, आयेच्या वाकळंवर. तो म्हनला, बरं हाय.

बसा ताई, चहा टाकते. तुमचंबी घर आसंच उन्हाचं राहो.