तिसऱ्या खोलीची घंटा

—छे छे, हॅनिगन बाई, ह्या पबात बदललेलं काही नाही, हात लावून बघा! सगळं महॉगनी, माझ्या आजोबांच्याही आधीचं. छतावरची नक्षी धुराने पिवळी पडलीय, तेवढंच — आणि ह्या तीन लाकडी खोल्या, अशा डब्लिनमध्ये आता फार उरल्या नाहीत, महापालिकेने तुम्हाला जुन्या वास्तूंच्या नोंदी घ्यायला पाठवलं ते बरं केलं. बायकांनी पुरुषांत उभं राहून प्यायचं नाही ना तेव्हा — मग बाजूच्या दाराने यायचं, खोलीत बसायचं, आतून कडी घालायची, बटण दाबायचं, की इकडे काउंटरवर घंटा वाजणार. आणि ही झडप — चार बोटं उघडते, बस! रिकामा ग्लास इकडे, भरलेला तिकडे. तोंड बघायचं नाही. कोणाची बायको आलीय ते आम्हाला कळताच कामा नये. बाबा म्हणायचे, फिंटन, हात बघ, माणूस बघू नकोस.

तिसरी होय — तिसरीची घंटा बंद आहे. उंदरांनी तार खाल्ली. हो, उंदरांनीच — काय? सरळ कापलीय? अहो, एवढं डोळ्याशी नेऊन कशाला बघताय! बरं — सुरीने. मीच कापली, लिंबं चिरायच्या सुरीने. मंगळवार होता, भर दुपार, घोड्यांच्या शर्यतींचा दिवस, पाय ठेवायला जागा नाही. मंगळवारी तिसरीत टियर्नी म्हातारी बसायची, दोन ग्लास पोटात गेले की बटणावरच रेलायची, आणि घंटा आपली कोकलतेय. त्या दिवशीही सुरू झाली ती थांबेचना. गिऱ्हाईकं चिडवायला लागली — फिंटन, जा की, तुझी लाडकी बोलावतेय! मी सगळ्यांसमोर तार कापली. टाळ्या वाजवल्या लोकांनी. खरंच, टाळ्या.

दारावरची ही फळी ना? साधी पाइनची आहे, वरून रंग मारलाय. दार फोडावं लागलं. तेव्हा कायद्याने अडीचला तासभर बंद ठेवायचो — सगळे गेले, मी ठोठावलं, म्हटलं ऊठ गं म्हातारे. आतून कडी. फोडलं. म्हातारी नव्हतीच. डर्वला होती, माझी धाकटी बहीण. लग्नावरून बाबांनी दोन वर्षांपूर्वी घराबाहेर काढलेली. मलाच भेटायला आली असणार, नाहीतर इथे कशाला येईल — पण आता विचारू कोणाला? तिला पोर्ट वाइनचा ग्लास मीच दिला होता, ह्याच झडपेतून. हात बघितला होता मी! सख्ख्या बहिणीचा हात ओळखू येऊ नये? हातमोजा होता हो, हातमोजा होता. बोट बटणावरच होतं अजून. हृदय, डॉक्टर म्हणाले, लगेच कोणी गेलं असतं तर वाचली असती. आणि मी लिंबं चिरत होतो.

बाबांना उंदीर म्हणून सांगितलं. ही फळी त्यांनीच बसवली. मग अकरा वर्षांनी, अंथरुणाला खिळलेले असताना, माझ्याकडे न बघता म्हणाले, उंदीर फार झालेत रे आपल्याकडे. एवढंच.

म्हणून सांगतोय, त्या दोन खोल्या लिहा, छत लिहा, काउंटर लिहा, हवं तर मला लिहा. तिसरी नको. तुमच्या यादीत गेली की मला तिचा खिळासुद्धा काढता येणार नाही — मरेपर्यंत ती अशीच माझ्यासमोर. एकदाच, माझ्या हाताने तोडायचीय मला. कोणाचं काय जाणार आहे, बाई? मला रात्रंदिवस— लिहिताय? काय लिहिताय? बघू. ‘तिसरी खोली, जतन करावी. घंटा, दुरुस्त होण्यासारखी.’

दुरुस्त होण्यासारखी.

बरं. उठा आता. राहू द्या तो चहा. अहं, तिकडून नाही — बाजूच्या दाराने नको. समोरून जा.