एकाच बाजूचं

(मिसिसिपीतलं एक गाव. शनिवार सकाळ, फेडरल जज्ज थॉर्नटन बीझलींच्या घराचा व्हरांडा.)

व्हर्लिन : ...आणि गेल्या रविवारी भेटले, तर त्याला चमचासुद्धा धरता येईना.

जज्ज : बाई, थांबा. पुढे एक शब्द नको.

व्हर्लिन : थांबलेच आहे की. माझ्या भावाला, डेविटला, तुम्ही आत घातलंत तेव्हा तो बावीसचा होता. आता केस पांढरे झालेत त्याचे.

जज्ज : कोरा, हिला आत कुणी घेतलं?

कोरा : मी. फाटकाशी उभी होती, गार चहा दिला. बायकोलाही शिक्षा ठोठावतोस का?

जज्ज : हिच्या भावाचा सुटकेचा अर्ज माझ्यापुढे आहे. सरकारी वकील समोर नसताना मी एकाच बाजूचं ऐकायचं नसतं. एवढ्या वर्षांत तुला हे कळू नये?

कोरा : कळतं ना. म्हणून तर आपण कधी कुणाकडे जेवायला गेलो नाही. न जाणो, उद्या त्याचाच खटला तुझ्यापुढे यायचा.

व्हर्लिन : तुमचं भांडण मागून करा. तो मरतोय. तुरुंगाचा डॉक्टर खोटं लिहितो.

जज्ज : झालं. आता अर्ज मला सोडावा लागणार. दुसऱ्या जज्जकडे जाईल.

कोरा : थॉर्नटन, दोन्ही वकिलांना कळव ना, ही आली होती म्हणून. बाकीचे जज्ज तेवढंच करतात, अर्ज सोडत नाहीत.

जज्ज : बाकीचे करतात.

कोरा : आणि चिठ्ठीत त्या जज्ज व्हिटलोचं नाव निघालं तर? त्याने आजवर एकालाही सोडलेलं नाही.

व्हर्लिन : हे तरी कुठे सोडणार होते?

जज्ज : कोरा, गप्प बस.

कोरा : सोमवारी सही करणार होता, बाई. काल जेवताना मला म्हणाला. तेव्हा कुठे गेले होते रे तुझे नियम?

व्हर्लिन : मग मी आलेच नाही. तुम्ही मला पाहिलंच नाही.

जज्ज : पाहिलं.

व्हर्लिन : तुमच्या या सोवळ्यापायी तो आत मरेल.

जज्ज : मला जन्मभरासाठी नेमलंय, बाई. कुणाची भीड नको, कुणाची मर्जी नको, म्हणून.

व्हर्लिन : जन्मभर. त्यालाही तेवढंच दिलंत तुम्ही.

कोरा : बोल आता.

जज्ज : ...बसा, बाई. अर्ज आता माझ्याकडे नाही. आता ऐकता येईल मला. कसा आहे तो? काय म्हणत होता?

व्हर्लिन : तुम्हाला कशाला सांगू? आता तुम्ही आमचे कोण?